अखंड तुकडे

नुकतीच दाढ काढलेल्या मास्तरीणबाई तोंडात कापसाचा बोळा दाबून दवाखान्याच्या बाकावर बसल्या होत्या. बोलायची सोयच नव्हती, त्यामुळे ऐकणं आलं. शेजारी गाल धरून बसलेले एक साहेब आणि त्यांच्या हाताखालची भूगर्भतज्ज्ञ.

"कारखान्याचा कार्बन डायऑक्साइड या गावाखाली कायमचा कोंडता येईल, असं लिहून टाक आणि मोकळी हो."

"सर, वरचा खडक झाकणासारखा घट्ट हवा. आपण ड्रिलने काढलेल्या निम्म्याहून जास्त तुकड्यांना तडे आहेत."

"पण प्रयोगशाळेत तर सगळे पास झाले ना?"

"तडा गेलेला तुकडा त्यांच्या यंत्रात टिकत नाही. म्हणून तुम्ही फक्त अखंड तुकडे पाठवायला लावलेत."

"म्हणजे तपासलेल्या एकाही तुकड्याला तडा नव्हता. यात खोटं काय?"

"खोटं काहीच नाही, सर. गॅस फक्त न तपासलेल्या खडकातून वर येईल."

"तुझं हे नेहमीचंच. चांगल्या कामाला नाट लावायची."

मास्तरीणबाईंनी नकळत जमिनीवरचे पाय उचलून बाकावर घेतले.

तेवढ्यात आतून हाक आली. साहेब कण्हत उठले आणि दारातूनच सांगू लागले,

"डॉक्टर, उजवीकडची दाढ उभी चिरली आहे. आधी तीच बघा, जीव जातोय."

"तिला हात नका लावू, डॉक्टर," मागून ती शांतपणे म्हणाली, "अखंड दात तेवढे तपासा. सरांचं तोंड पास होईल."