टॉलिव्हर दार वाजवायचे

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि काउंटीच्या गृहनिर्माण कार्यालयाचे संचालक माननीय क्रँडलसाहेब, व्यासपीठावरील पाद्री गेन्स, ज्यांच्या निवृत्तीसाठी आपण जमलो ते सत्कारमूर्ती मिस्टर अ‍ॅम्ब्रोज टॉलिव्हर, त्यांच्या सौभाग्यवती, आणि मागच्या टेबलावरच्या पीच कॉब्लरच्या गोड परातीवर डोळा ठेवून बसलेले माझे समस्त शेजारीपाजारी,

मी व्हर्निटा मॅब्री. शाळेची बस चालवते. मला भाषणाची सवय नाही, ओरडण्याची आहे. आवाज चढला तर सांभाळून घ्या.

या गावात आपल्यापैकी किती जणांना बँकेनं बसायला खुर्ची दिली? काउंटीच्या कार्यालयानं दिली, आणि कर्जही स्वतःच दिलं. त्या कर्जाचा विमा वॉशिंग्टन, म्हणजे केंद्र सरकार, उतरवतं, त्यामुळे उद्या कुणाचे हप्ते थकले तरी काउंटी बुडत नाही. म्हणून तर आपल्यासारख्या स्वयंपाकिणींना, न्हाव्यांना, बसवाल्यांना स्वतःची घरं मिळाली. पण किल्ली दिल्यावर टॉलिव्हर काय करायचे, आठवतंय ना? तुम्हाला आत पाठवून दार लावायला सांगायचे आणि बाहेरून टकटक करायचे. तुम्ही आतून विचारायचं, "कोण आहे?" मग टोपी काढून म्हणायचे, "काउंटीकडून टॉलिव्हर. आत येऊ का?" घरमालक न विचारता थेट स्वयंपाकघरात घुसतो, अशा खोल्यांत आपण जन्म काढलेला. त्या एका प्रश्नानं भली भली माणसं रडली आहेत.

माझी आई लूथिया रुग्णालयाच्या धुलाईखात्यात राबली. पुढे तिच्या हृदयापुढे डॉक्टरांनी हात टेकले. तिला एवढंच हवं होतं, की मरण स्वतःच्या घरात यावं. टेकडीखालचं पिवळं घर ठरलं, कर्ज मंजूर झालं. तिनं दारासाठी पायपुसणंसुद्धा आणून ठेवलं. रोज सराव चालायचा, "मी त्या टॉलिव्हरला म्हणणार, पाय पुसून ये!"

मी म्हणायचे, "अगं, एवढा मोठा साहेब तो!"

"साहेब असेल ऑफिसात. दार माझं आहे."

आता थोडं अप्रिय बोलते. असं कर्ज देण्यासाठी वॉशिंग्टनची मान्यता लागते, आणि ती दरवर्षी नव्यानं घ्यावी लागते. आपल्या कार्यालयात कुणाला तरी वाटलं, आपण स्वतःच सरकार. सरकारनं सरकारकडे सारखी मान्यता कसली मागायची? टॉलिव्हर यांनी आठवण करून दिली, तर ती हसण्यावारी नेली. नाव मी घेत नाही. अध्यक्षमहाराज, पाणी घ्या ना, ग्लास तुमच्या समोरच आहे.

आमच्या सह्या व्हायच्या त्याच आठवड्यात कळलं, मान्यता संपली आहे. विमा नाही, म्हणून कर्ज नाही. पुढे मान्यता परत मिळाली, पण तोवर पिवळं घर दुसऱ्याला विकलं गेलं होतं. टॉलिव्हर स्वतः सांगायला आले. "चूक आमची आहे, मिसेस मॅब्री," एवढंच आईला म्हणाले. कुणाकडे बोट दाखवलं नाही. आईनं भिंतीकडे तोंड केलं आणि मग ती फारशी बोललीच नाही. माझं काळीज तुटलं ते तेव्हा.

शेवटी तिला रुग्णालयात हलवलं. तिथं दार कायम उघडं, येईल तो आत. एका दुपारी त्या उघड्या दारावर टकटक झाली. आईनं डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं. मग मला वाटलंही नव्हतं एवढ्या मोठ्यानं विचारलं, "कोण आहे?"

"काउंटीकडून टॉलिव्हर. आत येऊ का?"

"पाय पुसून ये."

तिथं पायपुसणं कुठलं? टॉलिव्हर यांनी खिशातला पांढरा रुमाल काढला, उंबऱ्याशी अंथरला आणि दोन्ही बूट नीट पुसले. आई हसली. त्याच आठवड्यात ती गेली.

टॉलिव्हर, मी तुमच्यावर राग धरायचा फार प्रयत्न केला. जमलं नाही.

मला बोलायची संधी दिलीत, आपली आभारी आहे. काही उणंअधिक बोलले असेन तर पोटात घाला, अध्यक्षमहाराज, तुम्हीसुद्धा. आणि टॉलिव्हर, आता सवड झाली की आमच्याकडे या. खोली अजून भाड्याचीच आहे, पण दार वाजवा. आईचं पायपुसणं मी अंथरून ठेवीन. त्यावर अजून कुणी पाय ठेवलेला नाही.