रिकामी खाच

नाही, पण मी म्हणते, आरत्यांच्या पुस्तकात रंगीत फोटो हवेतच कशाला? काळ्यापांढऱ्यात देव पावत नाही? पण आमच्या रमाबाई, म्हणजे आमच्या चिंचपोकळीच्या चाळीतल्या भजनी मंडळाच्या अध्यक्षीणबाई, त्यांना रंगीतच हवेत, आणि फोटो उघडायला गेलं की माझा कॉम्प्युटर असा थिजतो, असा थिजतो, की सोळा सोमवारची अख्खी कहाणी वाचून होईल पण गणपतीची सोंड काही पुरी दिसायची नाही! आणि समोरच्या खोलीतल्या मृणालिनीचा? बोट लावलं की देव हजर! मला काही वाटत नाही हं, नुसतं सांगते.

तीन वर्षं, दर वर्षी, ते पुस्तक मी टाइप केलं. आमची शांती लग्न होऊन गेली, कॉम्प्युटर इथेच ठेवून गेली, तेव्हापासून एकेक अक्षर शोधत... आणि शेवटच्या पानावर, तुम्हाला सांगते, 'अक्षरजुळणी : सौ. नलू'! संपाआधी ह्यांचं नाव गिरणीच्या हजेरीपटावर असायचं, त्यानंतर आमच्या घरातलं कुणाचं नाव कुठे लागलं ते हेच. ह्यांनी ते पान घडी घालून खिशात ठेवलंय अजून. आणि ती जागा आता मृणालिनीला द्यायची म्हणतायत रमाबाई?

विचारलं तिला, "काय गं, काय घातलंस त्यात?" तर म्हणते कशी, "काही नाही वहिनी, मेमरी वाढवली. सोप्पंय." सोप्पंय म्हणे! मला काही वाटत नाही हं, नुसतं सांगते.

मग मंगळवार सोडून, चांगला दिवस बघून, ह्यांना घेऊन गेले लॅमिंग्टन रोडला, मृणालिनी गेली होती त्याच रामजीभाईंच्या दुकानात. ते म्हणाले, "बेन, पुरानी निकाल दो. मेमरी की पाँचसौ बारा की एक पट्टी लगाओ, दुसरी खाच खाली रखो. कल बढाना हो तो जगह रहेगी. नहीं तो दोसौ छप्पन की दो लो, बात वहीच, पर जगह फुल."

म्हटलं, मृणालिनीनं काय घेतलं? तर एकच. दुसरी खाच रिकामी!

आता तुम्हीच सांगा, विड्याचं पान आपण कधी एकटं ठेवतो? रिकामी ओटी मी कुणाची पाठवत नाही, ती माझ्याच घरातल्या यंत्राची रिकामी ठेवू? हे हळूच म्हणाले, "अगं, ऐक त्यांचं. उद्या जागा लागली तर?" म्हटलं, "तुम्ही गप्प बसा! संपातसुद्धा दीड वर्ष 'उद्या बघू' हेच ऐकवलंत." दोनशे छप्पनची जोडी घेतली. कुंकू लावायला गेले तर रामजीभाई केवढ्यांदा ओरडले, "अरे बेन, पिन पे नहीं!" मग कडेला लावलं.

आणि काय धावायला लागला हो कॉम्प्युटर! चार दिवस. पाचव्या दिवशी रमाबाई म्हणाल्या, "यंदा अष्टविनायक घालू. आठही. पानभर!" झालं... पहिल्या विनायकालाच माझा बसला तो बसलाच. मृणालिनीचाही बसला हं, खोटं कशाला बोलू, मला जरा बरं वाटलं. पण ती काय, संध्याकाळी गेली, रिकाम्या खाचेत आणखी एक पट्टी खोचून आली.

मी धावले रामजीभाईंकडे. म्हणाले, "अब एक निकालनी पडेगी." म्हटलं, कुठली? "कोई भी." कोई भी! जोडीनं बसवलेल्या, कुंकू लावलेल्या, त्यातल्या एकीला म्हणू, ऊठ बाई? हात नाही धजला. परत आले. ह्यांनी खिशातलं ते पान नुसतं चाचपलं. तेच जास्त लागलं.

तर यंदा शेवटच्या पानावर 'अक्षरजुळणी : सौ. मृणालिनी'. आणि मला काय? प्रसाद! सव्वा किलो रव्याचा शिरा. शिरा खाऊन मंडळी नाव विचारत नाहीत, वाटी पुढे करतात.

काल तीच आली, गोड आवाजात, "वहिनी, तुमच्या शिऱ्याचं प्रमाण सांगा ना!" सांगितलं. सगळं सांगितलं. फक्त साखर... पाव वाटी कमी सांगितली.

देवासमोर बसून कबूल केलंय, शनिवारही धरलाय त्यापायी. आता सोमवार, मंगळवार, शनिवार. जेवायला दिवस उरलेत चार, आणि मृणालिनी आहे समोरच. मला... वाटतं हो थोडं.