सहाशे गोळे

(साल २०२२, नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा. आदिलाबाद जिल्ह्यात बेल्याजवळच्या एका गावातली ओसरी. कौशल्याबाई भाकरी थापताहेत. त्यांचे यजमान, नौदलातून निवृत्त झालेले चंपतराव, खाटेवर बसले आहेत. गावचा होतकरू पुढारी गोपाल दारात उभ्या केलेल्या बैलगाडीपाशी आहे. गाडीवर एक लाकडी जहाज.)

गोपाल: ...अन् ह्या बारा तोफा, काकाजी. मोजून घ्या. सहा इकडून, सहा तिकडून.

चंपतराव: आमच्या जहाजाले इतल्या नव्हत्या, गोपाल.

गोपाल: नव्हत्या तं नव्हत्या. आता हायेत. निर्मल गावच्या खेळन्याच्या कारागिराले मी फोटो देल्ला होता. तो म्हने, फोटोत चारच दिसून राह्यल्या. मी म्हनलं, मागून असतीन, टाक बारा.

कौशल्याबाई: तोफा होय का भेंड्या? अन् कठड्यावर हे मोर काऊन बसवले रे?

गोपाल: तीन पिढ्या त्याच्या घरी राघू अन् आंबेच केले, काकू. लढाईचं जहाज त्याच्या हातून पयल्यांदा होऊन राह्यलं. मोर त्यानं आपल्या खुशीनं देल्ले.

चंपतराव: जहाज करड्या रंगाचं असते. समुद्रात दिसू नये म्हनून.

गोपाल: समुद्रात दिसू नये, पन फाट्यावर दिसलं पाह्यजे ना! म्हनून सोनेरी. आता नीट आयका. चार डिसेंबर, नौसेना दिन. सकाळी नऊ वाजता बेल्याच्या फाट्यापासून मिरवनूक. माह्ये बैल, माही गाडी. तुमी जहाजात खुर्चीवर, मेडल लावून. मंग शाळेच्या मैदानात स्टेज. हैद्राबादहून रिटायर कमांडरसाहेब येनार. मूळचे कोकनातले, मराठी बोलतेत. त्याईच्या हातानं चौकाची पाटी उघडाची. ‘नौसेना चौक’. तेलुगूत अन् मराठीत, दोन्हीत.

कौशल्याबाई: पैनगंगेत उनाळ्यात गुडघाभर पानी नसते, अन् चौक नौसेनेचा.

गोपाल: म्हनूनच तं काकू! समुद्राकाठचा मानूस समुद्रावर गेला तं त्यात काय मोठं? हे वाक्य मी माह्या भाषनात टाकलं हाये. काकाजी, तुमचं पाठ झालं का?

चंपतराव: ‘एकाहत्तरची लढाई. अंधारी रात. मी तोफेवर होतो. समोर दुश्मन...’

गोपाल: पुढं?

चंपतराव: ‘समोर दुश्मन. मी बटन दाबलं.’ गोपाल, तवाच्या तोफेले असं बटन नसते रे.

गोपाल: मोबाइलमंदी पाह्यलं मी. असते.

चंपतराव: अन् कमांडरसाहेबानं इचारलं, कोनत्या तोफेवर होते, तं?

गोपाल: सांगा, गुप्त हाये. फौजेतलं सारं गुप्तच असते. अन् काकाजी, जरा छाती काढून. तुमी भाषन करतांना कांदे मोजल्यासारखे बोलता.

कौशल्याबाई: सवय हाये त्याईले.

गोपाल: कायची?

कौशल्याबाई: काही नाही. जा तू. बैल त्या मोराले चाटून राह्यले, रंग पोटात जाईन.

* * *

कौशल्याबाई: गेला. आता माह्याकडं पाहा.

चंपतराव: पाहून राह्यलो. भाकर जळून राह्यली तुही.

कौशल्याबाई: जळू द्या. कांद्याची गोष्ट काऊन लागली तुमाले? तोंड कसं उतरलं.

चंपतराव: काही नाही लागली.

कौशल्याबाई: लोखंडी पेटीत तुमचे पत्रं हायेत. एकसष्ट. सारे म्या वाचले.

चंपतराव: तुले कुठं वाचता येत होतं?

कौशल्याबाई: तवा नव्हतं येत. आपली सुनयना पयलीत गेली, तिच्या पुस्तकावर मी शिकली. ती बाहेर खेळाले गेली का मी पुस्तक घ्यायची. बाराखडी संपली, त्या दिवशी पेटी उघडली.

चंपतराव: सुनयना आता पंचेचाळीस वर्साची झाली.

कौशल्याबाई: हो. तवापासून मले मालूम हाये. तुमी जहाजावर सैपाकी होते.

चंपतराव: हळू बोल.

कौशल्याबाई: चाळीस वर्सं हळूच बोलली. तुमाले आठवते का, पत्र कसं वाचल्या जाये? गावात वाचता येनारे एकटे सुधाकरराव गुरुजी. पोस्टमन पत्र देऊन जाये अन् मामाजी हाक मारत, ‘चला, चंपतचं पत्र आलं!’ लिंबाखाली अर्धं गाव. गुरुजी चष्मा पुसत. अन् मी खांबामागं, डोक्यावरून पदर घेऊन. माह्या नवऱ्याचं पत्र सगळ्याईत शेवटी माह्या कानावर ये.

चंपतराव: मी लिहत होतो खरंच. पयल्या पत्रातच लिहलं होतं, ‘मला स्वयंपाकघरात काम दिलं आहे.’

कौशल्याबाई: अन् गुरुजीनं वाचलं, ‘मला तोफेवर काम दिलं आहे.’ तुमच्या बापासमोर ते कसं वाचतीन? मामाजीचं म्हननंच होतं, आमच्या घरातला गडी चुलीपाशी बसला तं चूल बाटते. गुरुजीनं एक घडी थांबून माह्याकडं पाह्यलं होतं. मले वाटलं, अक्षर लागून नाही राह्यलं.

चंपतराव: तिथंच चुकलं.

कौशल्याबाई: मंग मागं कसं फिरनार? दरेक पत्रात तोफ आली. तुमी लिहलं, ‘आज सहाशे चपात्या केल्या, हाताला फोड आले.’ गुरुजीनं वाचलं, ‘आज सहाशे गोळे सोडले, हाताला फोड आले.’ तुमी लिहलं, ‘मणभर कांदा चिरला, डोळ्याचं पाणी थांबत नाही.’ त्यानं वाचलं, ‘बारुदाच्या धुरानं डोळ्याचं पाणी थांबत नाही.’ आकडे मात्र जसेच्या तसे वाचत. मास्तर मानूस, आकड्यात खोटं नाही केलं.

चंपतराव: बाबा काय म्हनत?

कौशल्याबाई: मामाजी म्हनत, ‘रोज सहाशे गोळे! तिकडं आता उभं तरी काय राह्यलं असन?’ कापूस वेचाच्या बाया मले पानी आधी देत. तोफेवाल्याची बायको म्हनून.

चंपतराव: पयल्या सुट्टीवर आलो, तं फाट्यावर ढोल-ताशा. मले काही समजेच ना. बाबानं सगळ्याईसमोर पाठ थोपटली. जनमात पयल्यांदा. मी तोंड उघडाले गेलो, अन् गुरुजी मांगून हात जोडून उभे. मिटलं तोंड. ते मिटलंच.

कौशल्याबाई: अन् तवापासून तुमी चुलीजवळ फिरकले नाही. चहाचं आधनसुद्धा ठेवलं नाही. मले बाळंतपनात ताप होता, तरी खाटेवरून हाक, ‘भाकर झाली का?’

चंपतराव: भेव होतं मले. हात पीठाले लागला तं लोकाईले समजन, हा हात सवयीचा हाये.

कौशल्याबाई: माह्ये हात पाहा. अंगठा वळत नाही. आदिलाबादचा डॉक्टर म्हने, मनगटाले आराम द्या. घरात अडीचशे मानसाचा सैपाक केलेला गडी, अन् सुजल्या हातानं भाकर थापून राह्यली मी.

चंपतराव: आता काय म्हनते तू?

कौशल्याबाई: चार तारखेले स्टेजवर खरं सांगा.

चंपतराव: गाव हसन. गुरुजी अजून जित्ते हायेत, त्याईचं काय? सुनयनाच्या सासरी, मावला गावात, व्याही दर पाव्हन्याले सांगतेत, आमचा व्याही तोफेवर होता.

कौशल्याबाई: मंग नका सांगू. पन पाच तारखेपासून माह्या हातची भाकर बंद.

चंपतराव: उपाशी मरू का मी?

कौशल्याबाई: सहाशे करनाऱ्याले दोन जड जानार नाहीत.

* * *

गोपाल: काकू! कुठं हायेत काकाजी? स्टेजवरून थेट गायब!

कौशल्याबाई: मांगच्या आंगनात. बस. पानी पी. चार तारीख सरली ना एकदाची?

गोपाल: काय सरली! तुमी आल्या असत्या तं पाह्यलं असतं.

कौशल्याबाई: जहाजात एकच खुर्ची होती बाबा. सांग तूच.

गोपाल: फाट्यापासून सारं झकास. बैलाईच्या शिंगाले फुगे. काकाजी जहाजात. माईक हातात देल्ला. ‘एकाहत्तरची लढाई. अंधारी रात.’ मी खाली मान हालवून राह्यलो. अन् मंग म्हने, ‘मी तोफेवर नव्हतो. मी सैपाकी होतो. अडीचशे मानसाच्या सहाशे चपात्या करत होतो रोज.’ काकू, लाउडस्पीकर बेल्यापर्यंत आयकू ये असा लावला होता मी!

कौशल्याबाई: मंग?

गोपाल: मंग काय! सुधाकरराव गुरुजी चष्मा पुसत बसले, पुसतच बसले. काकाजी थांबलेच नाहीत. म्हने, लढाईच्या वक्ती जहाजावर चूल विझवा लागते, आग नको म्हनून. म्हनून काकाजीनं आधीच पुऱ्या तळून ठेवल्या. रातभर बालटी घेऊन काळोखात तोफेतोफेपाशी फिरले. तोफेवाल्याईचे हात तेलानं काळे, म्हनून ह्याईनं एकेकाले घास भरवला. म्हने, ‘एक पोरगा घास तोंडात असताच रडाले लागला. म्या इचारलं, तिखट लागलं का? तो हो म्हनला. पुरी तिखट नव्हती.’

कौशल्याबाई: हे पत्रात नव्हतं.

गोपाल: काय?

कौशल्याबाई: काही नाही. साहेब काय म्हनले?

गोपाल: साहेब उभे झाले. मले वाटलं, आता रागानं जाते. ते म्हनले, ‘जहाजावर कॅप्टन फक्त एकाच माणसाशी गोड बोलतो. स्वयंपाक्याशी. बाकी सगळ्यांना तो हुकूम देतो.’ लोकं हसले, टाळ्या झाल्या. मले वाटलं, सुटलो. तेवढ्यात बायांतून मनकर्ना उभी झाली.

कौशल्याबाई: मनकर्ना? ती तोंडाची फटकळ. मंग खरं नाही.

गोपाल: म्हने, ‘चंपतभाऊ, तिकडं अडीचशेचा सैपाक केला, मंग घरी काऊन करत नाही?’

कौशल्याबाई: अन् हे काय म्हनले?

गोपाल: काय म्हनतीन? माईक माह्या हाती देल्ला अन् उतरले खाली. साऱ्या बाया हासून राह्यल्या, अन् सारे गडी बुटाकडं पाहून राह्यले. मी पाटी उघडली, तं कोनी पाहे ना. काकू, माह्या बायकोनं, चंचलनं, मले घरी आल्याबरोबर सांगतलं, ‘कनिक भिजवा.’ मले! मी म्हनलं, मी कार्यक्रमाचा अध्यक्ष हाये. ती म्हने, ‘अध्यक्षानं मीठ नीट टाकावं.’ साऱ्या गावात हेच चालू हाये. मारोती तं शेतातच झोपतो म्हनून गेला.

कौशल्याबाई: कनिक भिजवली का मंग?

गोपाल: ...पानी जास्त झालं.

चंपतराव: कौशल्या! अवं, परात पुरत नाही! दुसरी दे.

कौशल्याबाई: आता कोनाले सांगू! दोन जनाचा सैपाक, अन् दुसरी परात?

चंपतराव: हाताले दोघांपुरतं पीठ समजतच नाही. माप घेतलं तं एवढं झालं. साठ तं होतीनच.

गोपाल: काकाजी, पाच-सहा मले देता का? चंचलले सांगतो, म्या केल्या.

* * *

कौशल्याबाई: ...हो कमांडरसाहेब, कौशल्याबाईच बोलून राह्यली. चार डिसेंबर, आठवन ठेवली तुमी. चार वर्सं झाली ना आता... नाही, ते आंगनात चुलीपाशी हायेत, देतो. ...गोपाल? गोपाल सरपंच होनार होता, पन सीट बायकाईसाठी राखीव झाली. चंचल उभी राह्यली, निवडून आली. गोपाल तिच्या मिटिंगीत चहा देते. चांगला करते, वेलची टाकून. ...गुरुजी मांगच्या उनाळ्यात गेले, साहेब. ते भाषन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी घरी आले होते. माफी मांगाले. म्या म्हनलं, गुरुजी, माफी काऊन? तुमच्यामुळं म्या सोळा वर्साची असतांना ताठ मानेनं पानी भरलं. चपाती खाल्ली त्याईनं आमच्या घरी. दोन.

चंपतराव: चार खाल्ल्या होत्या.

कौशल्याबाई: चार म्हनते हे. ...जहाज? गोपालच्या कोठ्यात. त्यात कोंबडी बसते. बारा तोफाईत तेरा पिल्लं निघाले यंदा. पाटी तशीच हाये, पन लोकं त्याले चपातीचा चौकच म्हनतेत. ...सुनयनाच्या सासरी महिनाभर बोलले नाही कोनी. मंग व्याह्याच्या घरी लग्न निघालं अन् आचारी पळाला. ह्याईले न्याले जीप आली. तवापासून व्याही पाव्हन्याईले सांगतेत, आमच्या व्याह्यानं लढाईत अडीचशे जन जेवू घातले. ...माह्ये हात? अंगठा तसाच हाये. पन काम नाही आता त्याले. बरं, ठेवतो साहेब, पुढल्या साली या.

चंपतराव: मले फोन देनार होती ना तू?

कौशल्याबाई: तुमच्या हाताले पीठ हाये. किती झाल्या?

चंपतराव: बावीस.

कौशल्याबाई: कमी झाल्या. शिकून राह्यले तुमी. या, बसा. ही पेटीतली चिठ्ठी वाचा जरा, मले आता बारीक दिसत नाही.

चंपतराव: कोनती होय ही? एकाहत्तर सालची. ‘आज सहाशे चपात्या...’

कौशल्याबाई: तशी नाही. गुरुजीसारखी वाचा.

चंपतराव: गुरुजीसारखी?

कौशल्याबाई: हो. मी खांबामागं हाये असं समजा.

चंपतराव: ‘आज सहाशे गोळे सोडले. हाताला फोड आले.’

कौशल्याबाई: फोड खरे होते ना?

चंपतराव: फोड खरे होते.