दारात कोलम नव्हता म्हणून

मी, तैयलनायकी मासिलामणी, वय ६१ वर्षे, विधवा, धंदा इडलीचे पीठ दळून विकणे, राहणार विणकर गल्ली, चिन्नमेडू, तिरुप्पूरजवळ, समक्ष हजर राहून सांगते की, मी जिवंत आहे.

माझ्या घरी मागच्या खोलीत बनमाळी बेहेरा, वय २६, मूळचा ओडिशाचा, दोन वर्षांपासून भाड्याने राहतो. बनियनच्या कारखान्यात शिलाई करतो. पहिले तीन महिने मी स्वयंपाकघराला कुलूप लावत असे. हे मला कोणी विचारलेले नाही, मीच सांगते.

पती वारले तेव्हा विधवेने रोज सकाळी दारात कोलम, म्हणजे तांदळाच्या पिठाची रांगोळी, घालू नये, असे गल्लीतल्या बायकांचे म्हणणे होते. मी घालत राहिले. अमावास्या आणि पतींची तिथी सोडून तीन वर्षांत एक दिवस चुकलेला नाही. श्राद्धाच्या दिवशी कोलम घालत नाहीत, हे गल्लीत सर्वांना माहीत आहे. श्राद्ध आज आहे, हे कोणाच्या लक्षात नव्हते. बनमाळीलाही मी सांगितले नव्हते. तिथी लक्षात ठेवून तो काल आजची रजा टाकूनच आला.

समोर राहणारे तंगवेलु मास्तर, वय ७०, माझ्या पतींचे पत्त्यांतले भिडू, सकाळी सहापासून माझे दार पाहत होते. कोलम नाही म्हणजे मी गेले, असे त्यांनी धरले. दार कोणी ठोठावले नाही. चहाच्या दुकानात चर्चा झाली.

साडेअकराच्या सुमारास मी गच्चीवर कावळ्याला भात ठेवून बसले होते. बनमाळी जेवणासाठी केळीचे पान कापायला कोयता घेऊन बाहेर पडला. वीस-पंचवीस जणांनी त्याला घेरले. मला ऐकू आले ते असे :

"अम्मा कुठायत?"

"गच्चीवर. मी पान कापायला चाललोय, अण्णा."

"चपाती खाणाऱ्याला पान कशाला रे?"

"आम्हीपण भातच खातो."

"भात खाल्ला म्हणून कोणी तमिळ होत नाही."

"नाही झालो, अण्णा. तुम्ही वर जाऊन बघा ना."

"बघा, कसा वर पाठवतोय. वर याची माणसं बसली असतील."

कोणी वर आले नाही.

मी हाक मारली नाही. दोन तासांनी कावळा नुकता कठड्यावर बसला होता. हाक मारली असती तर उडाला असता. त्या लोकांनी पोलीस ठाण्यात नेताना बनमाळीने एकदा वर पाहिले. त्याला कावळा दिसला. त्यानेही हाक मारली नाही.

कावळा शिवल्यावर मी अनवाणी ठाण्यात आले. तंगवेलु मास्तर माझ्यासाठी रडत होते. मला पाहून म्हणाले, "मग कोलम का नाही घातलास गं?" मी म्हटले, "आज तुमच्या भिडूचं श्राद्ध आहे." ते बाकावर बसले. तमिळ घरच्या बाईच्या काळजीपोटी हे केले, असे त्यांचे सांगणे आहे. ते खरे असावे.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. बनमाळीला कोयत्यासह लगेच सोडावे, पान अजून कापायचे आहे. श्राद्धाला आमच्याकडे बाहेरचे एकजण जेवायला बसवतात. तंगवेलु मास्तरांनी यावे.

जबाब मला वाचून दाखवावा लागला नाही. पती गेल्यावर मी वाचायला शिकले आहे. "परप्रांतीय इसम" दोन ठिकाणी होते, ते खोडून नाव लिहून घेतले. बाकी मी सांगितले तसेच आहे.