हुकावरचं टिंब

निशा : बाबा, लांबनं बघू नका. बसा आणि हातात घेऊन बघा.

भाऊसो : बघितलं की. लोखंड हाय. तुटल्यालं.

निशा : ते मलाही दिसतंय. दोन दिवस गाडीत बसून विशाखापट्टणमवरनं हे उगाच आणलं नाही मी. कुणाच्या फौंड्रीतलं आहे, सांगा.

भाऊसो : एमआयडीसीत ढिगानं फौंड्र्या हायत्या. म्या एका जागी तीस वर्सं माल घासला आन् घरात बसलो. समद्यांचं लोखंड मला कसं वळखू येणार?

आक्काताई : अवं, पोरगी आत्ता आलीया, वरडताय काय? निशा, च्या टाकू?

निशा : आई, चहा राहू दे. पाचच्या आत साहेबांना फोन करायचाय. उद्या सकाळी दोन जहाजं सुटणार आहेत.

आक्काताई : जहाजं? आन् आपल्या मुडशिंगीत त्येचं काय?

निशा : जहाज बुडायला लागलं की माणसं एका होडीत बसतात आणि ती होडी खाली पाण्यात सोडतात. ती ह्या असल्या हुकांना टांगलेली असते. दोन महिन्यांपूर्वी नुसता सराव चालला होता. वारा नाही, वादळ नाही. हूक तुटला आणि होडी पाच मजल्यांवरनं खाली पडली. आत पाच जण होते.

आक्काताई : जगलं?

निशा : तीन.

आक्काताई : अगं बया.

निशा : आमचं संशोधन त्याच्यावरच चाललंय. जीव वाचवायच्या होडीतच माणसं का मरतात म्हणून. हा तुकडा माझ्याच टेबलावर आला. तुटल्या जागी बोराएवढं भोक निघालं आणि भोकात पुट्टी. बाजूला छाप आहे, गोलात क. तुम्ही फौंड्रीतनं आणलेल्या आपल्या खलबत्त्याच्या बुडाला आहे तोच.

आक्काताई : थांब, आणते.

भाऊसो : ऱ्हाऊ दे की त्यो खलबत्ता. तुला दुसरं काम न्हाय व्हय?

आक्काताई : ह्यो बघ. गोलात क. आन् त्येच्याखाली ह्ये टिंब.

निशा : टिंब? दे इकडं. बाबा, हुकावरही आहे, अगदी त्याच जागी. महिनाभर मला वाटत होतं, ओतताना पडलेला खड्डा असेल. हे कुणीतरी पंच ठोकून मारलंय.

भाऊसो : पंखा लाव गं.

आक्काताई : लाईट गेल्यात सकाळधरनं. निशा, ह्या खलबत्त्याची चटणी पयल्या वर्सी कचकच लागायची बघ. बुडातनं काळं काळं सुटायचं. म्या बोंबलले तवा ह्येच म्हणालं, बारकं भोक भरलंय, वापरून बसंल.

निशा : बाबा, आई काय म्हणतीय ऐकलंत?

(भाऊसो उठून दारापर्यंत जातो. परत येतो.)

भाऊसो : ओतताना आत हवा अडकती. गार झालं की भोक ऱ्हातंय. मग पुट्टी भरायची, घासायचं, वरनं रंग. समदीच भरत्यात. सुपरवायझर म्होरं उभा ऱ्हाऊन भरून घ्यायचा.

निशा : हुकात?

भाऊसो : हूक हाय म्हणून कुणी सांगितलतं? आमच्याकडं नुसता नंबर यायचा. तरी म्या इचारलतं, कशाचं हाय म्हणून. साखर कारखान्याच्या गव्हाणीचं सामान, म्हणाला. गव्हाणीतलं काय तुटलं तर घटकाभर ऊस थांबतोय. माणूस मरत न्हाय. हितं बसून समुद्र कुणाच्या डोस्क्यात यायचा?

निशा : मग टिंब कशाला मारलंत?

भाऊसो : आकाराम वस्तादानं शिकीवलतं. पयल्याच दिवशी म्हणाला, भाऊसो, साहेब सांगंल ते झाक, पोट हाय आपल्याला. पर झाकशील तिथं खूण ठेव. आपल्याला तरी ठावं असावं.

निशा : दर वेळी मारलंत? एकही सुटलं नाही?

भाऊसो : एकबी न्हाय.

निशा : बाबा, असले चारशे हूक जहाजांवर आहेत. सगळे उतरवून तपासायचे तर वर्ष जाईल, तोवर जहाजं काय थांबणार नाहीत. टिंब मात्र कुठलाही खलाशी रंग खरवडून बघेल. आज कळवलं तर उद्याची दोन्ही जहाजं निघायच्या आधी बघता येतील.

आक्काताई : मग कळीव की. टिंब घावलं म्हण. ह्येंचं नाव कशापायी?

निशा : टिंब कुणी मारलं, कशासाठी मारलं, हेच साहेब आधी विचारणार. सहीनिशी लिहून द्यावं लागेल.

आक्काताई : आन् उद्या पोलीस आलं म्हंजे? मालक सुटंल, सुपरवायझर सुटंल, आन् ह्ये जातील कळंब्याच्या जेलात. तुझ्या भावाचं लगीन ठरलंय. संघर्षला काय सांगू म्या?

निशा : मला कळत नाही का ते? छाप ओळखीचा आहे हे मी अजून ऑफिसात कुणाला सांगितलेलं नाही. महिना झाला, आई. मीपण झाकूनच ठेवलंय. भीती वाटते मला. एखाद्या जहाजाची बातमी आली की आधी त्याचे हूक कुणाचे ते शोधते.

भाऊसो : गेली ती दोघं कुठली?

निशा : फिलिपिन्सची. लांबचा देश आहे. नावं अहवालात आहेत, मला नीट म्हणताही येत नाहीत.

भाऊसो : कागद हाय का तुझ्याकडं?

आक्काताई : अवं, जरा इचार करा.

भाऊसो : तीस वर्सं त्येच केलं.

निशा : बाबा, 'एक कामगार' एवढंच घालते. साहेबांना विनवून बघते मी.

भाऊसो : त्या दोघांची नावं हायत न्हवं तुझ्या अहवालात?

निशा : आहेत.

भाऊसो : मग माझंबी घाल. पुरं घाल, बापाच्या नावासकट. आन् ऊठ, ज्ञानूच्या फोनच्या बूथवर जाऊ. पाच वाजत आलं.

निशा : आई?

आक्काताई : जावा. आन् परत जाताना ह्यो खलबत्ताबी ने, साहेबास्नी दाखवायला लागंल. चटणी म्या पाट्यावर वाटीन.