आप्पांच्या म्हशीचा कौल

आमच्या सुनंदावहिनीनं मुरुडात पशुखाद्याचा छोटा कारखाना काढला, तेव्हाचं सांगतो. हल्ली देशभर खाद्यात इथेनॉल कारखान्यांतला मक्याचा चोथा वाढलाय आणि सोयाबीनची पेंड मागं पडलीय. वहिनीचं म्हणणं एकच, "सोयाबीन आपल्याच रानात पिकतंय. मी पेंडच घालणार."

उद्घाटनाला गाव जमलं. बाहेरच्या कंपनीचं खाद्य गावात विकणारे शिवलिंगआप्पा समोरच बसले होते. ते म्हणाले, "सुनंदाबाई, बोलायला काय लागतंय? जनावर खातंय का, ते बघू."

"मग तुमचीच म्हैस आणा," वहिनी म्हणाली.

म्हैस आली, तिनं पुढ्यातलं खाद्याचं घमेलं हुंगलं आणि तोंड फिरवलं. लोक हसले. गावानं पाठ फिरवली असती तर कारखाना त्याच दिवशी बसला असता.

वहिनी मात्र शांत होती. "तिला हा वास नवा हाय, जरा थांबा," म्हणत तिनं खाद्य कोमट पाण्यात कालवलं. पेंडीचा खमंग वास सुटला. म्हशीनं घमेल्यात तोंड घातलं, ते तळ चाटूनच वर काढलं.

आप्पांनी दावं ओढलं, तर ती थेट पोत्यांच्या थप्पीकडं निघाली. आप्पा दमून थांबले आणि म्हणाले, "सुनंदाबाई, एक पोतं द्या. त्याशिवाय ही काय घरी येत न्हाई."