लाईट आली की बोलणारा रेडिओ

माझी सोयरीक कुणी जमवली म्हणता? रेडिओनं!

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, रेडिओची पिन बोर्डात लावून आवाज मोठा करून ठेवायचे. लाईट आली की तो आपोआप बोलायला लागायचा अन् अण्णा मोटार चालू करायला विहिरीवर पळायचे.

मला बघायला सोनपेठहून पाहुणे आले, तवा लाईट नव्हती. मी पोहे दिले. मुलाचे वडील विचारायलेत, "नाव काय, पोरी?" तेवढ्यात रेडिओ कडाडला, "आजचे बाजारभाव…" अण्णा पाहुण्यांना सोडून पळाले. आईनं कपाळावर हात मारला. म्हटलं, गेली सोयरीक!

बघते तर मुलाचे वडीलही धोतर सावरत अण्णांच्या मागं! अंगणात थबकले. "आरं, माझी विहीर तर सोनपेठला हाय!" त्यांच्याही घरी तसाच रेडिओ होता. हसत आत येऊन आईला म्हणाले, "वहिनी, पोरगी आमच्याच वळणाची. पक्की समजा."

अण्णांनी तो रेडिओ मला लग्नात दिला. दसऱ्याला मी अजून त्याला हळदकुंकू वाहते. हे म्हणतात, "अगं, तो कवाच बंद पडलाय."

पडू द्या. बोलायचं तेव्हा बोलला की!